पुसलेले फोटो

प्रतीक्षा लग्न होऊन उमरग्याला आली, तेव्हा माहेरचं सगळं माहेरीच राहिलं. फक्त आप्पांच्या फोनमधले फोटो तेवढे तिच्यामागं सासरी आले.

त्याचं असं झालं. लग्नाच्या आदल्या वर्षी तिनं वडलांना पहिला टचचा फोन घेऊन दिला होता. रामलिंगआप्पा येडशीच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहणारे, मेंढरं राखणारे. फोन सुरू करताना त्यानं ईमेल मागितला. आप्पांकडं कुठला ईमेल असणार? प्रतीक्षानं आपलाच टाकला, पासवर्डही आपलाच दिला, आणि 'फोटो जपून ठेवायचे का' असं फोननं विचारलं तेव्हा 'हो' दाबून मोकळी झाली. गावाकडं घरोघर असंच चालतं. लेकरांच्या खात्यावर आईबापांचे फोन चालतात आणि कुणाचं काही अडत नाही.

उमरग्यात तिला हाडांच्या एका डॉक्टरांकडं काम लागलं. दारापाशी टेबल टाकून बसायचं, नावं पुकारायची, एक्स-रेची पाकिटं हातात द्यायची. नवरा उत्कर्ष हायवेवरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात होता. एका दुपारी डबा खाता खाता ती मैत्रिणीला दाखवायला म्हणून लग्नाचे फोटो काढायला गेली, तर नवरदेवाच्या वरच्या चौकटीत एक मेंढी उभी. मेंढीच्या मागं आपली वस्ती, बाभळीचं कुंपण, आणि कुंपणावर वाळत घातलेलं मायचं हिरवं लुगडं.

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की हा फोटो सकाळचा आहे. आज सकाळचा.

आप्पांना सांगायचं तिनं ठरवलंही होतं. पण त्या दिवशी राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं, आणि मग सांगण्यासारखं काही आहे असं वाटेनासं झालं. दुपारी पेशंट कमी झाले की ती फोन उघडायची. लंगडं कोकरू, त्याच्या खुरातला काटा. ओढ्याला किती पाणी उरलं ते. कुत्र्याचा नुसताच कान. कधी मायचा पाठमोरा फोटो, तिला न सांगता काढलेला. आप्पांना फोटो काढायचा नाद आहे हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसभर रानात एकटा असलेला माणूस, हातात फोन आला, काढत सुटला.

ह्यामुळं एक झालं. तिचं फोनवरचं बोलणं कमी झालं. "बरं हाय का?" "बरं हाय." "माय काय करतीया?" "भाकरी करतीया." संपलं. विचारायचं तरी काय? लंगडं कोकरू नीट चालायला लागलेलं तिनं पाहिलेलंच असायचं. मैत्रिणी माहेराच्या आठवणीनं कासावीस व्हायच्या, तेव्हा प्रतीक्षा गप्प बसायची. तिच्याजवळ माहेर रोज दुपारी यायचं.

मग संक्रांतीच्या पुढंमागं फोन कुरकुरू लागला. जागा भरली. खात्यात नवीन काही मावणार नाही, फोटो नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपचं काही नाही.

उत्कर्ष म्हणाला, "भरणारच. दोन घरांचा पसारा एका घरात. आप्पांचं खातं वेगळं करून दे की. किती दिवस एका ताटात जेवणार?"

"करते," ती म्हणाली. पण केलं नाही. त्यापेक्षा सोपं काम तिनं हाती घेतलं. दवाखान्यात बसल्या बसल्या नको ते फोटो पुसायला लागली. सकाळच्या फुलांचे, सुप्रभातचे, एकाच मेंढीचे सात-आठ वेळा निघालेले. त्यातच काही निव्वळ आभाळाचे होते. हललेले, पुसट. एकात कोपऱ्याला दगडाची कड, एकात बोटाची तांबडी सावली. आप्पांचा हात लागून निघाले असतील, असं म्हणत तिनं ते निवडले आणि पुसले. समोर एक ट्रक ड्रायव्हर पाय प्लास्टरात घालून नावाची वाट बघत बसला होता. त्याचं नाव तिनं पुकारलं आणि ती पुढच्या फोटोकडं वळली.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. आप्पांचा फोन आला. आप्पा आपणहून कधी फोन करत नसत, त्यामुळं तिनं तो घाईनं उचलला.

"काय झालं आप्पा?"

"काय न्हाय. ह्यो फोन बिगडलाय." फोनवर बोलताना आप्पा ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलत. "मदीच बंद पडतुया. आन फोटू जातायत त्यातले."

"जातायत म्हंजी?"

"म्हंजी काल हुता, आज न्हाय. घोंगडीला कसर लागती न्हवं, तसं. आतनं खातंय कायतरी."

खातं एकच होतं. इथून पुसलं की तिथूनही जात होतं, हे तिला कळायला हवं होतं. कळलं नव्हतं असंही नाही. तिनं तिकडं लक्ष दिलं नव्हतं.

"उत्कर्षचा जुना फोन पडून हाय घरात," ती म्हणाली. "चांगला हाय. घेऊन येते. तुमचं सगळं त्याच्यात भरून देते."

"कवा?"

"येईन सुट्टी काढून."

सुट्टी काढायची ती काढलीच नसती इतक्या लवकर. पण त्याच आठवड्यात दुपारी तिनं फोन उघडला आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला. मेंढ्याच मेंढ्या. रोजच्यासारख्या चरणाऱ्या नव्हे. एकेक बाजूला घेऊन, भिंतीला लावून उभी केलेली. आधी बाजूनं, मग मागून, मग तोंड. आणि तोंड उघडून धरलेलं, दात दिसतील असं. मेंढीच्या जबड्यात आप्पांचा अंगठा होता आणि अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं.

मेंढपाळाच्या लेकीला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मेंढीचे दात दाखवतात ते विकताना. दातांवरून वय कळतं, वयावरून भाव ठरतो. आप्पा मेंढरं विकायला काढत होते. सगळी. कारण आखूड कानांची मेंढरंही त्यात होती, आणि ती आप्पांची नव्हती.

आखूड कानांची वेल मायची होती. सीताबाईला लग्नात तिच्या बापानं एक मेंढी आंदण दिली होती. तिची लेक, तिच्या लेकीच्या लेकी, असं करत अर्धा कळप त्या एका मेंढीचा झाला होता. माय त्यांना नावानं हाका मारायची. गौरी, तान्ही, भिंगरी. त्यातलं एखादं विकायचं झालं तर आप्पा आधी दोन दिवस आडून आडून विषय काढत आणि मग मान खाली घालून विचारत. आणि आता हे.

संध्याकाळी तिनं उत्कर्षला सगळं सांगितलं.

"मायला फोन कर," तो म्हणाला.

"कुठं करू? घरात फोन एकच. तो आप्पांच्या खिशात."

"मग आप्पांनाच विचार."

"काय विचारू? तुम्हाला कसं कळलं म्हणले तर?"

उत्कर्षनं तिच्याकडं नीट पाहिलं. "म्हणजे अजून सांगितलंच नाहीस तू त्यांना?"

ती उठून त्याचा जुना फोन शोधायला लागली.

रविवारी सकाळच्या एसटीनं ती निघाली. नळदुर्ग गेलं, तुळजापूर गेलं. गाडीत देवीला निघालेल्या बाया गात होत्या. धाराशिवला उतरून तिनं येडशीची गाडी धरली. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती आणि एकही वाक्य दोन थांब्यांपलीकडं टिकत नव्हतं.

वस्तीवर पोचली तर माय मेंढरं सोडून निघण्याच्या तयारीत. "आज म्या जाते," माय म्हणाली. "तुजा बाप फोनपाशी बसनार हाय म्हनं. सकाळधरनं नवरदेवावानी बसलाय बग." तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि काठी घेऊन चालू लागली. गौरी, भिंगरी तिच्या पाठोपाठ. मायला काही माहीत नाही, हे तिच्या चालण्यावरूनच दिसत होतं.

लिंबाखाली आप्पा बाजेवर बसले होते. धोतर, अंगात सदरा, डोक्याचं मुंडासं मांडीवर. उठून उभे राहायला त्यांनी बाजेच्या कडेला धरलं आणि तिनं बघितलेलं बघून हात सोडला.

प्रतीक्षानं आप्पांचा जुना आणि उत्कर्षकडून आणलेला नवा असे दोन्ही फोन बाजेवर शेजारी शेजारी ठेवले, वायरीनं जोडले. नव्या फोननं विचारलं, जुन्यातलं काय काय आणायचं. माणसांचे नंबर, मेसेज, अ‍ॅप, फोटो. तिनं सगळ्यांपुढं खूण केली. एक निळी रेघ हळूहळू पुढं सरकू लागली.

"आता?" आप्पांनी विचारलं.

"आता थांबायचं. तासभर लागंल."

आप्पा त्या रेघेकडं बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्याच्यात एक बाई हाय. उमरग्याची पार्लरवाली म्हून. मला ठावं न्हाय कोण ती. म्या काय तिला फोन केल्याला न्हाय."

ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की प्रतीक्षाला हसू आलं, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की वेळ हीच आहे.

"ती माझी हाय, आप्पा. माझ्या फोनातले नंबर तुमच्यात येत्यात." ती थांबली. "आन तुमच्या फोनातलं माझ्यात."

"काय येतंय?"

"फोटू."

आप्पांनी मान वर केली.

"तुमच्या फोनला मी माझंच खातं लावलंय. तुमी फोटू काढला की तो माझ्याकडं बी येतो. कसर-बिसर काय लागली न्हाय आप्पा. जागा भरली हुती, म्हणून मीच पुसले. मी तिकडून पुसले की हितले गेले."

"उमरग्यात बसून?"

"व्हय."

"सगळेच येत्यात?"

"सगळेच."

लिंबाची दोन पिवळी पानं बाजेवर पडली. आप्पांनी ती उचलून खाली टाकली. मग एकदम काहीतरी आठवून त्यांचा चेहरा तांबडा झाला. "त्यो पाठीवरच्या गळवाचा? उघड्या अंगाचा?"

"व्हय."

"आरं द्येवा." त्यांनी मुंडासं उचलून डोक्याला गुंडाळलं, जणू अंगच झाकत होते. मग विचारलं, "कवापासनं?"

"लग्नापासनं."

"आन सांगितलं न्हाईस."

"सांगितलं आसतं तर तुमी काढायचं सोडलं आसतं."

"सोडलंच आसतं!" आप्पांचा आवाज चढला. "मानूस रानात एकला आसतो म्हून कायबी करतो. कुत्र्यासंगं बोलतो. कुनी बगतंय म्हनल्यावर मग त्यो एकला कसला?"

बघणं हे तिनं कधी चोरटं मानलं नव्हतं. आपल्याला माहेराची ओढ आहे, एवढंच तिनं मानलं होतं. आता आप्पांच्या तोंडावरून ते दुसऱ्या बाजूनं दिसलं.

"तुमच्या फोनात बी माझे हायत," ती हळूच म्हणाली. तिनं जुन्या फोनवर रंगीत पाकळ्यांचं चिन्ह दाबलं. आप्पा कधी ते उघडत नसत; त्यांची गॅलरी वेगळी, तिथं फक्त स्वतःचे. इथं मात्र सगळं होतं. तिचं लग्न, भाड्याचं घर, उत्कर्षच्या वाढदिवसाचा केक, दवाखान्याचं टेबल, तापात पडलेली असताना उत्कर्षनं काढलेला तिचा फोटो.

आप्पांनी एक पाहिला, दुसरा पाहिला. "म्हंजी मला बी दिसलं आसतं?"

"व्हय. हितं दाबलं आसतं तर."

"मला कुनी सांगितलं न्हाय." ते रागानं म्हणाले नाहीत. तिसरा फोटो त्यांनी पाहिला नाही. फोन उलटा करून बाजेवर ठेवला. "आसू दे. त्ये तुजं आन जावयाचं हाय."

आप्पा दुसरं काहीही बोलले असते तर तिला एवढं लागलं नसतं.

निळी रेघ अर्ध्यावर आली होती. आप्पाच पुन्हा बोलले. "मेंढरांचं दात बी बगितलं आसशील मग."

"म्हणून तर आले."

"हां." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "वीरप्पा येनार हाय. उमरग्याकडचाच हाय, मेंढरं घेतो. सगळीच घेतो म्हनला."

"मायची बी?"

आप्पा निळ्या रेघेकडं बघू लागले.

"मायला न इचारता?"

"इचारनारच हुतो," आप्पा म्हणाले. "पर इचारायचं तर आदी सांगाया पायजे की. आन सांगायचं त्येच पुसलं तू."

"काय पुसलं?"

"आभाळाचे फोटू हुते बग. चार-पाच."

तिला आठवले. हललेले, पुसट. दगडाची कड, तांबडी सावली. "ते... हात लागून निघाले असतील म्हणून..."

"हात लागूनच निगाले. पर मला पायजे हुते."

मग आप्पांनी सांगितलं. पौषातली गोष्ट. रामलिंग देवाच्या डोंगराकडं, ओढ्याच्या घळीत मेंढरं उतरवताना पाय निसटला. दगडावर गुडघा आपटला आणि पाय जो अडकला तो उचलेना. उताणे पडले. हाताचं नख फुटलेलं, बोटं रक्तानं ओली. फोन काढला तर रेंज नाही. नंबर दाबायला जावं तर भलतंच उघडे, फोटो निघाल्याचा खट् खट् आवाज होई. मेंढरं पुढं निघून गेली. कुत्रं परत आलं आणि बसून राहिलं. दुपार कलेपर्यंत आप्पा तिथंच होते. मग बसत सरकत वर आले.

"मायला काय सांगितलं?"

"मेंढी आडली हुती, उशीर झाला म्हनलो. कोकरू मेलं म्हनलो." ते स्वतःशीच मान हलवत होते. "दुसऱ्या दिवशी सांगाया गेलो. पर तोंडातनं काय निगतंय? 'पडलो हुतो' एवढंच. ती म्हननार, पडला तर हळद लावा. तिचं बी बराबर हाय. सांगनाराला सांगता याया पायजे. मग फोनात ते आभाळ दिसलं. म्हनलं, ह्येच दावावं. ह्ये बग सीते, मला एवढंच दिसत हुतं. मानूस न्हाय, मेंढरू न्हाय. मग ती समजली आसती मेंढरं का काढायची ते." त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "म्हनलं, संक्रांत होऊ दे. संक्रांत झाल्यावर काढाया गेलो तर न्हायतच."

प्रतीक्षाला दवाखान्याचं टेबल आठवलं. प्लास्टरातला पाय घेऊन बसलेला तो ड्रायव्हर. रोज पडलेल्या माणसांची नावं पुकारणारी ती, बापाचं पडणं हातात आलेलं असताना तिनं कचरा म्हणून निवडून टाकलं होतं. ती सगळं बघत होती. आणि सगळं बघत होती म्हणूनच तिनं कधी विचारलं नव्हतं की आप्पा, हे कशाचे?

"थांबा," ती एकदम म्हणाली. तिनं आपला फोन घेतला. "पुसलेलं लगीच जात न्हाय. दोन महिने एका डब्यात पडून आसतं."

तिनं तो डबा उघडला. फुलं, सुप्रभात, मेंढ्या, मेंढ्या. ती खाली खाली सरकत गेली. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग आलं. एक निळसर, रिकामी चौकट. तिच्याखाली दुसरी.

"हेच का?"

आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला. बघता बघता त्यांनी खांदे आत ओढून घेतले, थंडी वाजल्यासारखे.

"ह्येच," ते म्हणाले. "काड भाईर."

दिवस कलल्यावर माय परत आली. मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडून झाली, हातपाय धुऊन झाले. प्रतीक्षा चुलीपाशी चहा ठेवत होती. आप्पांनी नवा फोन घेतला आणि लंगडत मायपाशी जाऊन बसले. आज त्यांनी लंगडणं झाकलं नाही.

"ह्ये बग," ते म्हणाले.

माय बघत राहिली. "काय हाय ह्ये? आभाळ?"

"व्हय."

"आभाळाचा कशाला फोटू?"

आप्पांनी सांगितलं. दुपारी लेकीला सांगितलं त्याहून कमी शब्दांत, थांबत थांबत, पण सांगितलं. माय एकेक फोटो बघत होती. बोटाच्या तांबड्या सावलीवर ती थांबली आणि तिथून पुढं सरकेना.

"पानी हुतं का जवळ?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"आन मला म्हनलाव कोकरू मेलं."

"व्हय."

"म्या त्या कोकरासाटी दोन दिस हळहळले. त्या मेंढीला गूळ घालून पेंड चारली." तिचा आवाज फुटला. "न झालेल्या कोकराला रडले वं म्या. आन तुमी हितं माज्यापशी बसून भाकरी खात हुताव."

चहा उतू जायला आला तेव्हा प्रतीक्षानं तो खाली उतरवला. मग आप्पांनी उरलेलंही सांगून टाकलं. वीरप्पा, मेंढरांचे दात, सगळा कळप.

आता माय उठून उभी राहिली. "माज्या गौरीचं दात दावलं तुमी त्येला? मला न इचारता?"

"डोंगर व्हत न्हाय आता मला, सीते."

"मग त्ये सांगायचं! डोंगर व्हत न्हाय तर डोंगर सोडा. मेंढरं का सोडायची?" तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमची इका. ती डोंगराचीच हायत, त्यांला शिवारात चैन पडत न्हाय. माज्या माहेरची वेल ऱ्हाईल. म्या चारीन, गावापशी, पिकं निगाल्याल्या रानात. तुमी बसा बांदावर, राखन करत. बसाया तर येतंय न्हवं?"

"येतंय," आप्पा म्हणाले.

"आन पोरीच्या डाक्टराला पाय दावायचा."

"दावतो."

त्यानंतर माय घरात गेली आणि भांडी आपटत भाकरीच्या तयारीला लागली. तिचा राग चांगले आठ-पंधरा दिवस टिकणारा आहे, हे दोघांनाही कळलं. पण प्रतीक्षाला हायसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तिनं आप्पांचं स्वतःचं खातं उघडलं. नाव घातलं, जन्मसाल अंदाजानं घातलं. त्यांचे फोटो त्या खात्यावर चढवले आणि तिचं खातं काढायची वेळ आली, तेव्हा तिचं बोट थबकलं.

"राहू देऊ का आप्पा? तुमाला चालत आसलं तर."

आप्पांनी विचार केला. "न्हाय. वेगळं कर."

"राग आलाय?"

"आला हुता. आता न्हाय." ते समजावून सांगावं तसं म्हणाले, "सासरी दिल्याल्या लेकीला रोज घरातली खरकटी भांडी दिसू न्हायेत, बाय. आमी घासून ठेवतो, मग बग. कायबी इचार, म्या सांगीन."

पासवर्ड त्यांनी तिच्याकडं पाठ करून स्वतःच टाकला. एकेक अक्षर शोधायला बराच वेळ लागला. "इसरू नका," ती म्हणाली. "इसरलात तर मला बी काढता येणार न्हाय." त्यावर आप्पांनी घरात जाऊन मायच्या कानात काहीतरी सांगितलं. माय रागात होती तरी तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. प्रतीक्षा दाराकडं पाठ करून उभी राहिली.

उमरग्यात आल्यावर दुपारी डबा उघडला की तिचा अंगठा सवयीनं तिथं जायचा. तिचेच फोटो. काल काढलेली भाजी, उत्कर्षची गाडी. वर कुणी उभं नसायचं. पहिल्या आठवड्यात ती फोन बंद करून ठेवायची. मग एका दुपारी तिनं आप्पांना फोन लावला.

"बरं हाय का?"

"बरं हाय."

सवयीनं ती पुढं "ठेवते" म्हणणार होती. म्हणाली नाही. "आज कुठं गेलतात?"

इतक्या वर्षांत आप्पांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर कसं द्यायचं तेही त्यांना सुचत नव्हतं. "पाटलाच्या हरबऱ्याच्या रानात," ते म्हणाले. आणि मग, "वीरप्पा येऊन गेला परवा."

"नेली मेंढरं?"

"नेली. टेम्पोत चडंनात. म्या पुडं चालत गेलो फळीवरनं, मग आली मागं मागं." आप्पा थांबले. फोनमध्ये वारा घोंघावत होता. "मग म्या उतरलो खाली. ती तशीच वर."

प्रतीक्षानं डोळे मिटले. टेम्पो कोणत्या रंगाचा होता, फळी कुठली, तिला ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर काहीच नव्हतं, फक्त आप्पांचा आवाज होता, आणि तो थरथरत होता. फोटोत हे तिला कधी ऐकू आलं नसतं.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय. मायनं च्या केला. बोलली बी माज्यासंगं." आप्पांनी घसा साफ केला. "तुजं काय? तू काय केलंस आज?"

प्रतीक्षानं वर पाहिलं. समोरच्या बाकावर दोन पेशंट बसले होते, तिसरा काठी टेकत दारातून आत येत होता. तिनं डबा बाजूला सारला.

"सकाळी एक म्हातारी आली हुती, आप्पा," ती म्हणाली. "खजुरी गावची. पाय मोडला हुता आन डॉक्टरांनाच शिव्या देत हुती..."

"का गं?" आप्पांनी विचारलं, आणि ती सांगू लागली.